विष्णू दिगंबर आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्या

गोष्ट मागच्या डिसेंबरातली. गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम होता. बाहेर फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, प्रवेश विनामूल्य, सर्वांचे स्वागत. सबमिशन नुकतंच संपलेलं, मेसमध्ये त्या दिवशी दुधीची भाजी, म्हणून आम्ही हॉस्टेलच्या सहा मुली निघालो. खरं सांगायचं तर गाण्यासाठी फक्त माझी रूममेट आली होती. आम्ही बाकीच्या दुधीमुळे.

आत गेलो तर पुढच्या पाच रांगा रिकाम्या. आम्ही जाऊन बसलो. दोन मिनिटांत एक गृहस्थ आले आणि या रांगा पासवाल्यांसाठी आहेत, तुम्ही मागे जा, असं म्हणाले. मागे जागा नव्हती. भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मध्यंतरापर्यंत त्या पाच रांगांतल्या जेमतेम बारा खुर्च्या भरल्या होत्या. मी इंजिनिअर होणार असल्यामुळे मोजल्या!

परत येताना मी भरपूर चिडचिड केली. रूममेट मात्र शांत होती. ती धुळ्याकडची, लहानपणापासून गाणं शिकलेली, मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिलेली. ती म्हणाली की या खुर्च्यांचं भांडण फार जुनं आहे, आणि ज्या माणसाने ते पहिल्यांदा नीट भांडलं तो माणूस शेवटी आपल्या नाशकातच येऊन राहिला होता. मला नाव विचारलं तर सांगता आलं नाही. तिने सांगितलं, विष्णू दिगंबर पलुस्कर.

मी कॉन्व्हेंटची. माझं संगीत म्हणजे असेंब्लीतला पियानो आणि ख्रिसमसला पालकांसमोर म्हटलेली गाणी. सिस्टर पियानोवर बसायच्या, आम्ही रांगेत उभ्या राहून म्हणायचो. पलुस्कर हे नाव मी नाशकात राहूनही फक्त पंचवटीत इंद्रकुंडापाशी असलेल्या सभागृहाच्या पाटीवर वाचलं होतं आणि ते कुणी नगरसेवक असतील असं मनात धरलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्यानंतर दोन महिने मी लायब्ररीत या माणसाबद्दल मिळेल ते वाचलं (त्यामुळे एका विषयाच्या युनिट टेस्टचं जे झालं ते इथे नको). हा लेख त्यातून झालाय. माझ्या मराठीतल्या चुका रूममेटने काढल्यात, राहिलेल्या माझ्या.

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाड या छोट्याशा संस्थानातला. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावावरून पलुस्कर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कीर्तनाला तिकीट नसतं. देवळाच्या सभामंडपात जो येईल तो बसतो, शेवटी ताटात ज्याला जे टाकायचं ते टाकतो. मुलाने पहिलं गाणं ऐकलं ते असं.

मग तो अपघात झाला. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडासमोर फुटला आणि मुलाचे डोळे गेले. पूर्ण अंधत्व नव्हतं, पण वाचता येणार नाही, शाळा चालणार नाही, इतकी नजर खराब झाली. उपचारासाठी मिरजेला नेलं. तिथे डोळे काही सुधारले नाहीत, पण मुलाचा गळा चांगला आहे, त्याला गाणं शिकवा, असा सल्ला मिळाला. त्या वेळी गवई होणं म्हणजे काही मोठी करिअर नव्हती. चांगल्या घरातल्या मुलाने गवई व्हावं असं कुणाला वाटत नसे. डोळे शाबूत असते तर हा मुलगा कदाचित कुठल्यातरी कचेरीत कारकून झाला असता.

मिरजेत गुरू मिळाले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणली ती या बुवांनी. त्यांच्याकडे विष्णू जवळजवळ बारा वर्षं शिकला. बारा वर्षं! आपल्याला चार वर्षांची डिग्री पाच वर्षांत झाली तर घरी तोंड दाखवायची पंचाईत होते. आणि तिथे ना सिलॅबस, ना नोट्स. गुरू गातील ते ऐकायचं, घोटायचं, गुरूंच्या घरची कामं करायची. गुरूंच्या मनात असेल तेव्हा पुढची चीज मिळायची. पुढे विष्णुबुवांनी जे जे केलं त्यातलं अर्धं मला या बारा वर्षांवरचं उत्तर वाटतं.

आता खुर्च्यांची गोष्ट. मिरजेच्या अधिपतींचा या हुशार तरुणावर लोभ होता. एकदा गावात काहीतरी सार्वजनिक समारंभ होता, त्याचं निमंत्रण विष्णुबुवांना आलं. गुरुजींना मात्र आलं नाही. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की तुमच्यावर राजांची मर्जी आहे म्हणून तुम्हाला बोलावलं, बाकी गवई लोकांना अशा ठिकाणी कोण बोलावतं! ज्या माणसाच्या गाण्यावर अख्खा दरबार डोलतो त्याला त्याच गावातल्या सभेत बसायला खुर्ची नाही. हे त्यांच्या इतकं मनाला लागलं की १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. राजाश्रय होता, जेवणाखाण्याची ददात नव्हती, वय चोवीस. नोकरी लागलेली असताना कंपनी सोडून देण्यासारखंच हे. फरक एवढाच की हातात दुसरी ऑफर नव्हती.

पुढची पाच वर्षं नुसता प्रवास. सातारा, बडोदा, मग सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब. सोबत एकदोन गुरुबंधू, तंबोरे आणि तसली अधू नजर. या प्रवासात राजकोटला त्यांनी एक गोष्ट केली जी आज कुणाला विशेष वाटणार नाही. त्यांनी जाहीर कार्यक्रम केला आणि त्याला तिकीट लावलं. अगदी थोड्या पैशांचं. तोपर्यंत असं गाणं एकतर राजवाड्यात व्हायचं नाहीतर देवळात. राजवाड्यात जायला ओळख लागायची. तिकिटाला ओळख लागत नाही. खिशात तेवढी नाणी असली की दुकानदार, मास्तर, कारकून, कुणीही आत.

मी इथे बराच वेळ अडकले होते. आम्हाला त्या दिवशी फुकट प्रवेश होता आणि तरी आम्ही उभ्या होतो. राजकोटच्या लोकांनी पैसे दिले आणि ते बसले. म्हणजे फुकट ते सगळ्यांचं आणि तिकीट ते श्रीमंतांचं, हे जे मी धरून चालले होते ते तेवढं सरळ नाही. रूममेटचं म्हणणं की यात नवल काय, फुकटच्या लग्नातही पंगती वेगळ्या असतातच.

गिरनारच्या परिसरात त्यांना एक साधू भेटला आणि त्याने पंजाबात जाऊन काम कर असं सांगितलं, अशी आख्यायिका आहे. काही का असेना, ते पंजाबात गेले. जालंधरला हरवल्लभ संगीत मेळा १८७५ पासून भरत आलाय, देवी तलावाच्या काठी, डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत, लोक शाली पांघरून ऐकायला बसतात. तिथेही ते गायले. आणि मग ५ मे १९०१ ला लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाडचा मराठी माणूस, पंजाबी धड येत नाही, पैसा नाही, आणि लाहोरात गाण्याची शाळा! सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. बुवा वेळेवर येऊन तंबोरा लावून बसत असत असं सांगतात. हळूहळू मुलं यायला लागली.

ही शाळा एखाद्या राजाच्या खजिन्यावर चालली नाही. ती चालली लोकांच्या वर्गणीवर आणि बुवांच्या जलशांच्या तिकिटांवर. तिथे वर्ग होते, ठरलेल्या वेळा होत्या, अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या. उपदेशक वर्ग नावाचा एक प्रकार होता. त्यातल्या मुलांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेत. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, बदल्यात त्यांनी शिकून पुढे गाणं शिकवायचं. सर्व्हिस बाँड! फक्त इथे बाँड मोडला तर भरायला मुलांकडे काही नसायचं. शिस्त मात्र कडक. पहाटे उठणं, रियाज, प्रार्थना. आमच्या रेक्टर मॅडमना हे वाचून दाखवणार नाहीये.

आता माझ्या आवडीचा भाग, नोटेशन. पियानोच्या पुस्तकात पाच रेघांवर स्वर लिहिलेले असतात आणि ते बघून कुठल्याही देशातला माणूस तेच वाजवू शकतो. आपल्याकडे गाणं गुरूच्या डोक्यात असायचं. डोकं गेलं की गाणं गेलं, बॅकअप नाही. विष्णुबुवांनी स्वर कागदावर लिहायची स्वतःची पद्धत बसवली. मंद्र सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर टिंब, तार सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर उभी रेघ, कोमल स्वराचा पाय मोडायचा म्हणजे हलन्त करायचा, समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. शिवाय प्रत्येक स्वराखाली तो किती मात्रा टिकतो याची खूण, अर्धी, पाव, त्याहून बारीक. त्याच काळात पंडित भातखंडे यांनी (१८६० ते १९३६) दुसरी पद्धत केली. तिच्यात मंद्राचं टिंब खाली, तारचं वर, कोमल स्वराखाली आडवी रेघ. ती सोपी, छापायला सुटसुटीत, त्यामुळे पुढे तीच जास्त चालली. पलुस्करांची पद्धत लयीच्या बाबतीत जास्त काटेकोर आहे, असं मला दोन्ही शेजारी ठेवून बघताना वाटलं. पण जास्त अचूक ड्रॉइंग आणि जास्त वापरलं जाणारं ड्रॉइंग एकच असतं असं नाही, हे आपल्याला फर्स्ट इयरलाच कळलेलं असतं.

गंमत अशी की ज्या माणसाला स्वतःला नीट वाचता येत नव्हतं त्याने गाण्याची पुस्तकं छापायचा धडाका लावला. लाहोरला स्वतःचा छापखाना काढला. मुलांसाठी क्रमिक पुस्तकं, रागांची पुस्तकं, संगीताला वाहिलेलं मासिक. गुरूंनी मनात येईल तेव्हा द्यायची चीज आता काही आण्यांत मिळायला लागली. जुने गवई नाराज झाले असणारच.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही आणि ती लिहिते. चांगल्या घरातल्या मुलामुलींनी गाणं शिकावं म्हणून त्यांनी पुष्कळ बंदिशींमधले शृंगाराचे शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द घातले. त्यामुळे गाणं घराघरात गेलं, आई-वडिलांची भीती गेली, हे खरं. आज माझी रूममेट धुळ्याच्या क्लासमध्ये बसून यमन शिकू शकली ते त्यामुळेच. पण ते गाणं ज्यांनी शेकडो वर्षं सांभाळलं त्या मुसलमान उस्तादांचं आणि कोठ्यावरच्या गायिकांचं काय? त्यांच्या हातून घेतलेली वस्तू धुऊन-पुसून देवघरात ठेवली, आणि सांभाळणारे दाराबाहेर राहिले, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. यावर आमच्या रूमवर दोन रात्री भांडण झालं. रूममेट म्हणते, तो काळ बघ. मी म्हणते, मिरजेत खुर्ची न मिळाल्याचं ज्याला एवढं लागलं त्याच्याकडून माझी जास्त अपेक्षा आहे.

१९०८ च्या दसऱ्याला मुंबईत शाळा सुरू झाली. तिथे व्याप फार वाढला, विद्यार्थी शेकड्यांनी आले, स्वतःची मोठी इमारत सँडहर्स्ट रोडला बांधली. बांधली कर्जावर. आपल्याकडे सिव्हिलवाले याला काय म्हणतील माहीत नाही, पण हिशेब असा होता की बुवा गावोगाव जलसे करतील आणि त्या पैशांतून हप्ते जातील. म्हणजे सगळी इमारत एका माणसाच्या गळ्यावर उभी.

आणि तो माणूस बदलत चालला होता. १९२० च्या आगेमागे त्यांचं मन रामभक्तीकडे जास्त जास्त वळलं. पुढे भगवी वस्त्रं आली. घरातही दुःख कमी नव्हतं, एकामागून एक मुलं लहानपणीच गेली. तिकीट लावून जलसे करण्यापेक्षा तुलसीदासांचं रामायण गाऊन सांगण्यात त्यांना गोडी वाटायला लागली. रामायणाला तिकीट कसलं लावणार! कर्जाचे हप्ते थकले, सावकारांनी जप्ती आणली, इमारत लिलावात गेली. शाळेसाठी वीस वर्षं वणवण केलेल्या माणसाने हे कसं सोसलं असेल ते माझ्या कल्पनेपलीकडचं आहे. माझा प्रोजेक्टचा पेन ड्राइव्ह करप्ट झाला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते.

तेव्हा ते आपल्या नाशकात आले. पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. गोदावरीचा काठ, रामाचं गाव, काही शिष्य सोबत. रोज भजन, रामायणाचं प्रवचन, त्यात राग-तालातलं गाणं. ग्वाल्हेर घराण्याचा एवढा मोठा गवई, ज्याला ऐकायला लोक पूर्वी पैसे मोजत, तो इथे भाविकांसमोर बसून गात होता. वडिलांच्या कीर्तनात जो मुलगा टाळ धरून उभा राहिला असेल तो फिरून तिथेच आला.

देशाच्या कामातही ते होतेच. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् म्हणायला ते जात. १९२३ साली काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी धर्माच्या कारणाने गायनाला हरकत घेतली. बुवांनी, हे राष्ट्राचं व्यासपीठ आहे, एका धर्माचं स्थान नव्हे, असं सांगून गाणं शेवटपर्यंत म्हटलं. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना त्यांनी गांधीजींच्या साबरमती आश्रमात पाठवलं होतं. तिथली आश्रम भजनावली खऱ्यांनी तयार केली, आणि १२ मार्च १९३० ला दांडीला जे निघाले त्यांतही खरे होते. रघुपती राघव ही धून ज्या चालीत आपण सगळे ओळखतो ती विष्णुबुवांची मानली जाते. आम्ही कॉन्व्हेंटमध्ये दर दोन ऑक्टोबरला ती पियानोवर म्हणायचो! सिस्टरांच्या त्या पियानोवरून पलुस्कर माझ्या कानात शिरले होते आणि मला पत्ता नव्हता.

त्याच मार्चच्या २ तारखेला, त्याच पंचवटीत, काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. राम सगळ्यांचा, पण दार बंद. ते दार उघडावं म्हणून लोक पुढची काही वर्षं तिथे लढत होते. रामनाम आधार आश्रमाबद्दल वाचताना हे मधे आल्याशिवाय राहत नाही. खुर्च्यांच्या गोष्टीपेक्षा ही फार मोठी गोष्ट आहे, पण मला दोन्ही एकाच वहीत लिहाव्याशा वाटल्या.

२१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत विष्णुबुवा गेले. जिथून चिडून निघाले होते तिथेच. वय एकोणसाठ. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा त्याच मंडळाच्या. आपल्या हॉस्टेलमध्ये ज्या कुणी तबल्याची किंवा कथकची प्रवेशिका दिली असेल तिच्या सर्टिफिकेटवर हे नाव आहे, काढून बघा. इमारत लिलावात गेली आणि परीक्षा राहिल्या, याचा आनंद मानावा की नाही हे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला विचारू नये.

शिष्य म्हणजे किती! ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. यातले देवधर मला जवळचे वाटतात कारण त्यांनी मुंबईत स्क्रिन्झी नावाच्या इटालियन संगीतज्ञाकडे पाश्चात्त्य संगीतही शिकून घेतलं. आणि मुलगा दत्तात्रय, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर. जन्म १९२१ चा, वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा. वडिलांच्या शिष्यांनी त्याला शिकवलं. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या त्याच हरवल्लभ मेळ्यात गायला. १९५२ च्या बैजू बावरा सिनेमात अमीर खाँसाहेबांबरोबर त्याचा आवाज आहे. १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. रूममेटने त्याचं रेकॉर्डिंग मला मोबाइलवर ऐकवलं. अर्थ लावायला गेले नाही. आवाज इतका स्वच्छ आहे की लाइट गेलेले असूनही कुणी उठून मेणबत्ती शोधली नाही.

मधे एक विषयांतर. पियानोसोबत गायची जी अभिजात गाणी युरोपात आहेत त्यांतला सगळ्यात मोठा माणूस शूबर्ट (१७९७ ते १८२८). त्याने सहाशेच्या वर गाणी लिहिली आणि ती बहुतेक मित्रांच्या घरी, एका पियानोभोवती जमून म्हटली गेली. तिकीट नाही, पुढची रांग नाही. फक्त त्याच्याच रचनांचा जाहीर कार्यक्रम त्याच्या हयातीत एकदाच झाला, २६ मार्च १८२८ ला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो वारला. हे मी सिस्टरांकडून शाळेत ऐकलं होतं, पण तेव्हा ते परीक्षेला नव्हतं.

हे सगळं लिहायचं तातडीचं कारण असं. गॅदरिंगच्या आधी हॉस्टेलतर्फे एक संध्याकाळ शास्त्रीय गाण्याची करायची ठरली आहे. रूममेट गाणार, मेकॅनिकलचा एक जण तबला, आणि शेवटी मी कीबोर्डवर दोन शूबर्ट वाजवणार, गायला सिव्हिलची एक मुलगी, तीही कॉन्व्हेंटचीच. कमिटीत दोन तट पडले. एक म्हणतात वीस रुपये तिकीट लावा, नाहीतर फुकट म्हटलं की लोक येऊन पाच मिनिटांत उठून जातात. दुसरे म्हणतात फुकट ठेवा पण पुढच्या तीन रांगा पाहुणे आणि स्टाफसाठी. मीटिंगमध्ये मी विष्णुबुवांची अख्खी गोष्ट सांगायला लागले तर चेअरमनने वेळ संपल्याचं सांगितलं. म्हणून इथे लिहिली.

शेवटी ठरलंय ते असं. प्रवेश फुकट. दाराशी एक डबा, टाकायचं त्याने टाकावं, त्यातून तबलेवाल्याच्या शाईचा खर्च निघेल. खुर्च्या फक्त भिंतीकडेने, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी. बाकी सगळ्यांना सतरंजी, एचओडी सरांनाही. सरांना हे अजून सांगितलेलं नाही. मेसचे काका, वॉचमन काका आणि त्यांच्या घरची मंडळी यांना रूममेटने स्वतः जाऊन बोलावलंय. शनिवारी संध्याकाळी साडेसहा, ड्रॉइंग हॉल. ड्रॉइंग बोर्ड उचलायला दुपारी चारला आठ जण हवेत, नावं नोटीस बोर्डाखालच्या कागदावर लिहा.